पोचलं की कळवायचं

आमची आई ग्रोनिंगनला वेळेवर पोचली आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे डॉक्टर लागलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच तुमच्या जिवाला घोर नको. त्या दिवशी माझ्या जिवाला लागला तेवढा पुरे झाला. आणि ती पोचली ती अशा एका माणसामुळे, ज्याला मी दोन वर्षं टाळत होते. ऑफिसात समोरून येताना दिसले की मी कॉफी मशीनमागे लपायची.

पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. गाडी घेऊन मला तिसरा दिवस. सेकंडहँडच होती, पण लाल होती, बसकी होती, मागे दोन सायलेन्सर होते आणि एकोणीस इंचांची काळीभोर चाकं. फोनवर आई म्हणाली होती, "लग्न कर म्हणत होते, तर गाडी करून बसलीस." मला काही वाटलं नाही. इथे हॉलंडात, आइंडहोवनमध्ये सहा वर्षं सायकलवरून वारा खाल्ल्यावर माणसाला काहीतरी हवं की नको?

तर त्या दिवशी गाडी लावून दहा पावलं गेले, बॅज आतच राहिला म्हणून मागे वळले, आणि बघते तर हे. हातात छोटी बॅटरी, मान तिरकी, नाक टायरला लागलेलं.

"हा कोण आता चिकटलाय माझ्या गाडीला," मी पुटपुटले. मराठीत. आइंडहोवनमध्ये मराठीत पुटपुटायचं नसतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

"बत्तिसावा आठवडा," तो माणूस मागे न बघता म्हणाला.

"काय?"

"ह्याचा जन्म. इथे चार आकडे असतात बघ, आठवडा आणि वर्ष. सात वर्षांचा झालाय. शाळेत घालायचं वय उलटून गेलं." मग ते उठले, गुडघे झटकले, आणि माझं नाव-गाव काहीएक न विचारता म्हणाले, "बदलून घे. आणि एकोणीस इंच कशाला? सतरा पुरे."

असे ते आमचे टायरकाका. तोंडावर सगळे नुसतं काका म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काडी, बारा महिने एकच निळा रेनकोट, आणि पँटचा उजवा पाय सायकलच्या चेनमध्ये जाऊ नये म्हणून कायम चिमट्याने बांधलेला. मीटिंगमध्येसुद्धा. खिशात तीन वस्तू: हवा मोजायचं मीटर, टायरच्या खाचांची खोली मोजायची पट्टी आणि ती बॅटरी. आमच्या कंपनीत चिप बनवायची यंत्रं तयार होतात. ते यंत्र केसाएवढं थरथरलं तरी सगळं मुसळ केरात, म्हणून थरथर मोजणारी माणसं ठेवलेली असतात. काका त्यातले जुने. कामात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. एकट्याने राहायचे. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला तोंड उघडायच्या आत ते तुमच्या टायरवर यायचे.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ते तळहात पुढे धरायचे. "गाडी जमिनीला किती टेकते, माहीत आहे? एका चाकाला एवढी. असे चार तळहात. बाकी सगळं हवेत. इंजिन हवेत, म्युझिक सिस्टिम हवेत, तुझा तो लाल रंगही हवेत." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले होते आमचे. एकदा एकाने चेष्टेने विचारलं, "काका, आणि बायको-मुलं?" तर काका शांतपणे म्हणाले, "ती पण हवेतच. म्हणून तर सांगतोय." त्यानंतर त्याने चेष्टा केली नाही आणि त्याच आठवड्यात टायर बदलले.

एप्रिलमध्ये आम्ही बौद्ध मंडळी टिलबर्गला एक हॉल घेऊन जयंती करतो. वंदना, भाषणं, मुलांचे नाच, मग जेवण. जेवणाच्या रांगेत काका कधीच नसायचे. ते बाहेर पार्किंगमध्ये गाडीगाडीशी बसून यायचे, आणि मग हातात ताटं घेऊन बसलेल्या माणसांमधून फिरत निकाल वाचायचे.

"जय भीम, काका."

"जय भीम. पुढचा डावा तीन मिलिमीटर."

एवढं बोलून पुढच्या माणसाकडे. लोक हसायचे, वहिनी वैतागायच्या, पण मी पाहिलंय, काकांनी सांगितलेला टायर महिन्याभरात बदललेला असायचाच. त्यांच्या सांगण्यात स्वतःचा फायदा काडीचा नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि त्यांचा एक कायदा होता. त्यांच्या सल्ल्याने ज्याने टायर घेतले, त्याने लांबच्या प्रवासाला निघताना काकांना कळवायचं आणि पोचल्यावर एक शब्द लिहायचा: पोचलो. मग काकांचं उत्तर यायचं: बरं. एवढंच. ना अंगठा, ना हसरा चेहरा. पॅरिसला गेलात तरी बरं, आणि बेल्जियममध्ये भाजी आणायला गेलात तरी बरं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं जर्मनीत फिरायला गेलं आणि कळवायचं विसरलं. काकांनी आधी त्याला फोन केले, मग तिला, मग हॉटेलला. हॉटेलवाल्याने खोलीचं दार वाजवून विचारलं, की तुमच्या वडिलांना काय सांगू?

मला ह्या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. मला माझी एकोणीस इंची चाकं प्यारी होती.

"काका, सतरा इंच म्हणजे काहीतरीच दिसेल हो. बैलगाडीला सायकलचं चाक."

"गोल फिरल्यावर काही दिसत नाही."

"आणि ऑल सीझन टायर म्हणजे ना धड उन्हाळ्याचे, ना धड हिवाळ्याचे. सगळे म्हणतात."

"सगळे शर्यतीला जातात. तू ऑफिसला जातेस," काका म्हणाले. "दोन-दोन सेट घेतलेस तर ठेवणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर राहतेस. पलंगाखाली?" मग जरा थांबून, कारण खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, "वळणावर थोडे मऊ वाटतील. कडक उन्हात ब्रेक उन्हाळी टायरइतका कडक लागणार नाही. ते मी लपवत नाही. पण इथे ऊन असतं किती? गारठा, पाऊस, आणि एखाद्या दिवशी बर्फ. त्या एखाद्या दिवसासाठी सांगतोय."

मी ऐकलं नाही. ऐकलं ते फुटपाथच्या कडेमुळे. ऑक्टोबरात सुपरमार्केटच्या पार्किंगमधून वळताना चाक कडेला जोरात आपटलं. एकोणीस इंची चाकावर रबर ते केवढं, भाकरीच्या जाडीचं! रिम वाकली आणि टायरच्या कुशीला लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी गुपचूप दुरुस्त करून घेणार होते, पण दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये उतरते तर काका टेंगळाशी बसलेले. मला वाटलं, आता "सांगितलं होतं ना" येणार. आलं नाही. त्यांनी टेंगळावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "लागलं नाही ना तुला?"

खरं सांगते, त्या प्रश्नाने मी विरघळले. शनिवारी त्यांच्याबरोबर टिलबर्गच्या टायरवाल्याकडे गेले.

तो टायरवाला दणकट डच माणूस, पण काकांना बघून त्याचा चेहरा परीक्षेच्या वर्गातल्या मुलासारखा झाला. काकांनी घरून पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून आणला होता, माझ्या गाडीचे ब्रेक मोठे म्हणून. सतरा इंचांची रिम त्या ब्रेकवर घासणार नाही ना, हे त्यांनी पुठ्ठा फिरवून फिरवून तीनदा पाहिलं. मग आकडे. वजन पेलायचा आकडा गाडीच्या कागदात आहे त्यापेक्षा कमी नको, वेगाचाही नको. टायरच्या अंगावर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र हवंच. ते नसेल तर नुसतं ऑल सीझन लिहिलेलं काका मानत नसत. मी म्हटलं, मागचे दोन राहू देत, पुढचे बदलू. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून लग्नाला निघाले होते. चारही बदलले. चार तास लागले. टायरवाल्याने शेवटी काकांना कॉफी दिली आणि मला हळूच डचमध्ये म्हणाला, की ह्यांची स्वतःची गाडी तरी कुठली आहे, मला एकदा बघायचीय. मी खांदे उडवले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

गाडी घरी आणली आणि लांबून पाहिली. नटूनथटून निघालेल्या मुलीला कुणीतरी शाळेचे काळे बूट घातले होते. मला रडू यायचं बाकी होतं. एक मात्र कबूल करते, रस्त्यावरच्या उंचवट्यांवरून जाताना आता पाठ ठणकत नव्हती. काकांना हे मी सांगितलं नाही. कशाला डोक्यावर चढवून घ्यायचं?

आता धाकटीचं. ती पाच वर्षं ग्रोनिंगनला पीएचडी करत होती. बाबा लवकर गेले. आईने ठाण्यात शाळेत शिकवून आम्हा दोघींना इथवर आणलं, आणि तिची इच्छा एकच होती, की एकीच्या तरी नावापुढे डॉक्टर लागताना मी समोर बसलेली असले पाहिजे. इथे त्याचा मोठा समारंभ असतो. काळे झगे घातलेले प्राध्यापक, पाऊण तास प्रश्नोत्तरं, आणि उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना दोन जवळची माणसं उभी. धाकटीने त्यासाठी मला निवडलं होतं. आईला हे फोनवर समजावलं तर म्हणाली, "म्हणजे करवलीच की." हो, करवलीच. पण ठरल्या मिनिटाला दार बंद होतं. मग करवली असो की आई असो, बाहेर.

आई जानेवारीत आली. समारंभ दुपारी पाऊण वाजता. आदल्या दिवशीच जाऊन राहायला हवं होतं, पण माझी एका यंत्राची चाचणी होती, म्हणून मी शहाणीने सकाळच्या ट्रेनने जायचं ठरवलं. तीन तास ट्रेनचे, दोन तास हाताशी. आरामात, म्हटलं.

सकाळी सहाला पडदा सरकवला तर बाहेर पांढरंशुभ्र. बर्फ पडतच होता. फोन पाहिला, ट्रेन रद्द. पुढची रद्द. त्यापुढचीही. मी एकामागून एक रद्द वाचत होते आणि आई पलंगाच्या कडेला बसून माझ्यासाठी आणलेल्या नव्या साडीची घडी मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती. काही बोलत नव्हती. तिने आयुष्यभर तसंच केलंय, आम्हाला अपराधी वाटू नये म्हणून गप्प बसायचं. मला इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नाही.

"गाडीने जाऊ," मी म्हटलं. आवाज तेवढा मोठा होता. बर्फात मी कधी गाडी चालवली नव्हती. कायद्याप्रमाणे काकांना मेसेज टाकला: ग्रोनिंगनला निघतेय, आई आहे बरोबर.

नेहमीचं "बरं" आलं नाही. अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात काका, रेनकोटवर बर्फ, भुवयांवर बर्फ. सायकल अर्ध्या वाटेत चालेना म्हणून हाताने ढकलत आणली होती.

"हवा बघायला आलो," ते म्हणाले. "गारठ्यात कमी होते."

चारही चाकांची हवा त्यांनी बघितली, भरायचा छोटा पंपसुद्धा पिशवीतून आणला होता. वर येईपर्यंत आईने चहा ठेवला होता. तिने त्यांचे ओले मोजे पाहिले, माझा पांढराफटक चेहरा पाहिला, आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. तुम्हाला ह्यातलं एवढं कळतं. तुम्हीच चालवा. ही बाजूला बसेल."

काकांनी कप खाली ठेवला.

"बाई, माझ्याकडे लायसन्स नाही."

मी म्हटलं, "घरी राहिलं का?"

"नाहीच आहे."

मला हसावं की ओरडावं कळेना. अहो, दोन वर्षं! दोन वर्षं ह्या माणसाने माझं डोकं खाल्लं, अख्ख्या आइंडहोवनच्या मराठी माणसांचे टायर ठरवले, आणि ह्याला गाडी चालवता येत नाही? पण इथे सगळेच सायकलवर असतात. कुणाच्या मनात शंका येणार?

"बाजूला तर बसता येतं ना?" आई म्हणाली. "चला. चहा संपवा आधी."

पावणेआठला निघालो. मी स्टिअरिंगला घट्ट धरून, काका शेजारी, आई मागे साडीची पिशवी मांडीवर घेऊन. माझी अटकळ होती, की हा माणूस आता पूर्ण रस्ताभर व्याख्यान देणार. छे! चाक फिरायला लागलं आणि काका मुके झाले. नुसते समोर बघत होते, आणि उजवा पाय माझ्याबरोबर, त्यांच्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर दाबत होते.

हॉलंडात चढ म्हणून नाही. आर्नहेमच्या पुढे मात्र रस्ता जरा वर जातो आणि मग खाली येतो. तिथे दोन गाड्या आधीच कडेला तिरक्या होऊन उभ्या होत्या. उताराला आम्ही लागलो आणि आमच्या पुढची पांढरी गाडी अचानक आडवी झाली, शेपूट आधी, मग तोंड. माझा पाय ब्रेकवर नुसताच टेकला.

"दाब," काका म्हणाले. "घाबरू नकोस. दाब. ते धरतील."

मी दाबला. पायाखाली खरखर झाली, गाडी जराशी डुलली, आणि टायरांनी रस्ता धरला. धरला म्हणजे काय सांगू, हाताने धरावा तसा धरला. आम्ही थांबलो तेव्हा त्या पांढऱ्या गाडीच्या आणि आमच्या मध्ये एक माणूस आरामात उभा राहिला असता. आतला चालक हात हलवून ठीक आहे म्हणत होता. मागून आईचा आवाज आला, "नमो बुद्धाय," आणि मग लगेच, "साडी चुरगळली नाही." माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

पुढे एका पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबलो, तेव्हा काका आपण होऊन बोलले. आमच्याकडे न बघता, काचेकडे बघत.

त्यांचे वडील सरकारी बसच्या डेपोत टायर बसवायचे. आपण टायर बसवलेली गाडी घाटात गेली की ती परत येईपर्यंत ते डेपोतून हलायचे नाहीत. ड्रायव्हर यायचा, खिडकीतूनच ओरडायचा, "पोचलो!" वडील म्हणायचे, "बरं," आणि मग डबा उघडायचे.

आणि लायसन्सचं काय, तर इथे आल्यावर पहिली पाच वर्षं आपल्याला, म्हणजे परदेशातून नोकरीला बोलावलेल्यांना, करात सवलत असते. तेवढ्या काळात भारतातलं लायसन्स खमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत देऊन इथलं घेता येतं, परीक्षा न देता. आम्ही सगळ्यांनी तसंच केलं होतं. काकांनी उद्या जाऊ, उद्या जाऊ करत पाच वर्षं घालवली. सवलत संपली आणि त्यांना चार ओळींचं पत्र आलं, की आता परीक्षा द्या. ती त्यांनी चारदा दिली होती. चारदा नापास.

"चालवता येत नाही?" आईने विचारलं.

"येतं की. पहिल्यांदा मी परीक्षकाला म्हटलं, पुढच्या डाव्या टायरात हवा कमी आहे, भरल्याशिवाय निघणार नाही. तो म्हणाला, निघा. मी म्हटलं, आधी हवा. दुसऱ्यांदा मधेच पंपावर नेली. तिसऱ्यांदा..."

"कळलं," आई म्हणाली.

"आता ग्रोनिंगनकडे एक नोकरी आहे. तिकडे जमिनीतला गॅस उपसल्याने जमीन हलते, घरांना तडे जातात. गावोगाव फिरून ती थरथर मोजायची. मला दोनदा विचारलं त्यांनी. गाडी चालवता यायला हवी म्हणाले. मी सांगितलं, मला इथेच बरं आहे." एवढं बोलून ते रेनकोटची चेन वरखाली करत राहिले.

आईने साडीची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, तीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आले. विचारलंय तेवढंच लिहा. तुमचं उत्तर बरोबर होतं. पण त्याने तो प्रश्न विचारला नव्हता. पाचव्यांदा बसा. आणि तोंड उघडायचं नाही."

"हवा कमी असली तर?"

"तर आदल्या दिवशी जाऊन भरून या."

काका वळून तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांना सुचलंच नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी ग्रोनिंगनच्या पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं. सवयीने फोन काढला आणि लिहिलं: पोचलो. शेजारच्या रेनकोटात फोन वाजला. काकांनी तो काढला, चष्मा पुसला, वाचला, आणि एका बोटाने टाइप केलं. माझ्या फोनवर आलं: बरं. मग त्यांनी चष्मा पुन्हा पुसला, खरं तर तो आता स्वच्छ होता.

बाथरूममध्ये पाच मिनिटांत साडी नेसले, निऱ्या वाकड्या, पिना आईच्या तोंडात. पाऊण वाजता मी धाकटीच्या शेजारी उभी होते आणि आई पहिल्या रांगेत, ताठ, हात मांडीवर. तिच्या बाजूला ओले मोजे घालून काका. पाऊण तासाने विद्यापीठाची वेळ राखणारी बाई हातात उंच काठी घेऊन आत आली, काठी जमिनीवर आपटली, वेळ संपली. धाकटी डॉक्टर झाली. आई रडली नाही. बाहेर आल्यावर धाकटीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा असायला हवे होते," आणि मग मात्र आम्ही तिघी एकमेकींच्या खांद्यावर मनसोक्त रडलो. काका कुठे गेले म्हणून शोधलं, तर पार्किंगमध्ये. धाकटीच्या गाइडची गाडी तपासत होते.

आई परत गेली, पण जाताना काकांकडून वचन घेऊन गेली. एप्रिलच्या परीक्षेच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "मागचा उजवा कमी होता. जाणवत होतं. काल भरायला गेलो तेव्हा तीच गाडी बाहेर होती." "मग?" "गप्प बसलो. पाऊण तास." त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण पास झाले होते. मी आईला फोन लावला, तर काकांनी तिला आधीच कळवलं होतं आणि ती तिकडे शेजारणीला पेढे आणायला सांगत होती.

त्यांनी ती नोकरी घेतली. गाडी घेतली, जुनी, करड्या रंगाची, लहानखुरी. चाकं पंधरा इंचांची. मला वाटलं, टिलबर्गचा टायरवाला हे बघायला मिळालं म्हणून सुट्टीच जाहीर करेल. जूनच्या एका रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण त्यांना निरोप द्यायला जमलो. मागच्या सीटवर दोन खोकी, एक कुकर, आणि निळा रेनकोट. मी चारही चाकांपाशी बसून हवा बघितली. त्यांनी बघू दिली.

"काका, पोचलात की कळवा," मी म्हटलं.

ते "हं" म्हणाले आणि पन्नासच्या वेगाने निघून गेले. मागे वळून हात हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मग मी घरी आले. आर्नहेमचा उतार किती वाजता येईल, ह्याचा हिशोब करत बसले. चहा केला, तो गार झाला. कपडे धुवायला टाकले, साबण घालायचा राहिला. दहा वेळा फोन हातात घेतला. साडेबारा झाले, एक झाला. एवढी जीवघेणी वाट ह्या माणसाने आमच्या प्रत्येक फालतू सहलीला पाहिली असणार, आणि आम्ही हॉटेलच्या गोष्टी सांगून हसायचो. मला स्वतःची लाज वाटली. दीड वाजला. आईचा फोन आला, "आला का गं मेसेज?" मी म्हटलं, "नाही, ठेव फोन, लाइन बिझी राहील." ती पण "हो हो" म्हणून ठेवून मोकळी झाली.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

पोचलो.

मी खुर्चीत बसले. डोळे पुसले. एका बोटाने लिहिलं: बरं. मग जेवायला वाढून घेतलं.